पाणी बाटलीत नको, ओंजळीत असू दे

बाजारातल्या कोणत्याही लोशनची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली, तर घटकांच्या यादीत पहिले नाव बहुतेक वेळा पाण्याचेच असते. फक्त ते ‘ॲक्वा’ अशा भारदस्त वेशात येते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिल्या जागेवर जो बसला आहे त्याचा वाटा सर्वांत मोठा, हे उघड आहे. साध्या बॉडी लोशनमध्ये हा वाटा ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत १२० ते १६० मिली पाणी, आणि जाहिरातीत ज्यांचा एवढा गाजावाजा असतो ते बदाम, केशर वगैरे मान्यवर पुष्कळदा यादीच्या शेपटाला, एक टक्क्याच्या आत, क्रमाचे बंधन नसलेल्या गर्दीत उभे असतात.

यात कोणी कोणाला फसवते असे मला वाटत नाही. पाण्यामुळे लोशन हलके होते, चटकन पसरते, हाताला तेलकट लागत नाही. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याच्या नावावर जमा असलेले मूळ ‘कोल्ड क्रीम’ हे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचेच मिश्रण होते, आणि त्यातले पाणी अंगावर उडून जाताना गारवा वाटतो म्हणून त्याला ते नाव मिळाले. तेव्हा प्रसाधनात पाणी घालण्याची चाल जुनी आहे. मात्र एकदा बाटलीत पाणी शिरले की त्याच्यामागून कोणकोणते पाहुणे आपोआप येतात, हे पाहिल्यावर गेल्या काही वर्षांत मी माझ्या न्हाणीघरातल्या फळीवरून पाणीवाल्या वस्तू एकेक करून कमी करत गेले.

पहिला पाहुणा म्हणजे परिरक्षक, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतो. जिवाणू आणि बुरशी यांना जगायला मोकळे पाणी लागते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, असे ज्या घरात बजावले जाते त्या घरात हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. तेल-मिठाखाली महिनोन्महिने टिकलेली फोड चमच्यावरच्या दोन थेंबांनी आठवड्यात पांढरी होते. शास्त्रज्ञ याच गोष्टीला ‘जलक्रियता’ या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ धरली, तर ती ०.६ च्या खाली गेल्यावर कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. तेल, मेण आणि नीट वाळवलेली चूर्णे या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. लोशन मात्र या दृष्टीने सूक्ष्मजीवांचे राहते घर आहे, कारण त्यात पाणीही आहे आणि खायला तेलही आहे. त्यामुळे पाणी असलेल्या वस्तूत परिरक्षक नको, असा हट्ट धरणे धोक्याचे आहे. ‘केमिकल फ्री’ म्हणवणारे पण पाण्याने भरलेले एखादे घरगुती क्रीम मला कोणी भेट दिले, तर मी ते डोळ्यांच्या जवळही नेणार नाही.

परिरक्षक सरसकट वाईट नसतात, आणि पॅराबेन या परिरक्षकांच्या नावाने जेवढी भीती पसरवली गेली आहे तेवढी ती सार्थ नाही. तरीही काही माणसांच्या त्वचेला काही परिरक्षक सोसत नाहीत, हेही तितकेच खरे. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ साली या रसायनाला ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवले, आणि पुढे युरोपने २०१७ पासून अंगावर तसेच ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास बंदी केली. ज्यांच्या हातांवर किंवा पापण्यांवर असे पुरळ उठते त्यांच्यासाठी पाणी नसलेली वस्तू ही चैन उरत नाही. पाच घटकांच्या मलमात ॲलर्जीचा गुन्हेगार शोधणे सोपे, तीस घटकांच्या लोशनमध्ये तेच काम पोलीस तपासासारखे लांबते.

पाणी नाही म्हणजे काहीच बिघडत नाही, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. तेल नासत नाही, पण खवट होते. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांना पकडतो आणि जुन्या शेंगदाण्यांचा तो ओळखीचा वास येऊ लागतो. कोणते तेल किती लवकर खवट होईल हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे असंतृप्त मेदाम्ल भरपूर, साधारण तीन चतुर्थांश असते. त्वचेच्या वरच्या थराला हे आम्ल मानवते, पण तेच हवेला सर्वांत आधी बळी पडते. खोबरेलात आणि कोकमतेलात संतृप्त मेदाम्ले जास्त, म्हणून ती दीर्घकाळ टिकतात. हल्ली पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत लाकडी घाण्याची दुकाने झाली आहेत, तिथून करडईचे तेल आणायचे असेल तर लहान, गडद काचेची बाटली न्यावी आणि मोठा डबा भरून ठेवण्याचा मोह टाळावा. जीवनसत्त्व ई घातले तर खवटपणा लांबतो. पण ते सूक्ष्मजीवांना अडवत नाही, ही दोन कामे वेगळी आहेत, आणि घरी प्रसाधने करणारे लोक नेमका तिथेच गोंधळ घालतात.

कोकमतेलाबद्दल मला जरा पाल्हाळ लावायचा आहे. कोकणातून येणारे हे तेल पुण्यात फिकट पिवळसर गोळ्यांच्या किंवा वड्यांच्या रूपात मिळते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मेणबत्तीचे तुकडे वाटतात. नखाने खरवडले तर पापुद्रा सुटतो, पण बोटाला तेल लागत नाही. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की घरातली मोठी माणसे याचा एक तुकडा पळीत घेऊन गॅसवर धरायची, तो पाण्यासारखा पारदर्शक झाला की सोसेल इतका निवू द्यायचा आणि भेगेत थेंब सोडायचा. थेंब आत जातो आणि क्षणात पांढरा पडून घट्ट होतो. याचे कारण साधे आहे: कोकमतेल ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळते आणि थंडीतल्या टाचेचे तापमान त्याहून बरेच खाली असते, त्यामुळे ते भेगेतच गोठून बसते आणि चालताना धूळ आत जाऊ देत नाही. मग वरून सुती मोजा. लोशनला हे काम जमत नाही, कारण त्यातले पाणी उडून गेल्यावर भेगेत उरते ते फारच थोडे. खोबरेल २४ अंशांलाच वितळते. डिसेंबरच्या सकाळी ते बाटलीत थिजलेले असले तरी टाचेवर पातळच राहते आणि चादरीला लागते.

याच गणितावर मलमे बेतता येतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांला वितळते, म्हणून एक भाग मेण, एक भाग कोकमतेल आणि तीन भाग पातळ तेल एकत्र वितळवून डबीत ओतले, तर पुण्याच्या एप्रिलमध्येही मलम आकार धरून राहते. नुसत्या कोकमतेलाची कांडी स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवली तर संध्याकाळी तिचे काय होते, हे सांगायला नको. मेणाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत, कारण गणेशखिंड रस्त्यावर खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, आणि शहरात मधाबरोबर मेणाची चौकशी केली तर कोणी चमकून पाहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्वचेचा कोरडेपणा म्हणजे पाण्याची कमतरता, तेलाची नव्हे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा पातळ असतो, आणि त्यातले पाणी सतत हवेत निसटत असते. तेल किंवा मेण त्याला पाणी देत नाही, ते फक्त निसटणाऱ्या पाण्याची वाट अडवते. पेट्रोलियम जेली या कामात सर्वांत तरबेज. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली व्हॅसलिनचे पेटंट घेतले तेव्हापासून आजपर्यंत तिला या एका गुणात फारसे कोणी मागे टाकलेले नाही, आणि तिच्यात पाण्याचा थेंबही नसतो. म्हणून पाणीविरहित वस्तू कोरड्याठाक अंगावर चोळणाऱ्याला ‘हे नुसतेच चिकट आहे, उपयोग काहीच नाही’ असे वाटते, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. अंघोळीनंतर पंचाने अंग टिपावे, खसखसून पुसू नये, आणि अंग ओलसर असतानाच तळहातावर वाटाण्याएवढे मलम विरघळवून लावावे. लोशन बनवणारा कारखान्यात जे पाणी मिसळतो, ते आपण इथे स्वतः मिसळतो. फरक इतकाच की हे पाणी नुकतेच नळातून आलेले असते आणि त्याला वर्षभर बाटलीत सांभाळायचे नसते. पाणीविरहित प्रसाधनांचा खरा फायदा मला इथे दिसतो. पाणी वगळले जात नाही, ते शेवटच्या क्षणी येते, आणि उशिरा आल्यामुळे परिरक्षक, तेल-पाणी बांधून ठेवणारी रसायने, मोठी बाटली आणि ट्रकमधून वाहून आणलेले वजन या सगळ्यांची गरज कमी होते.

पुण्याच्या हवेत हे विशेष लागू पडते. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पलीकडे वसलेल्या या शहरात मार्चच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पावसाळ्यात तीच ८० च्या वर चढते. ग्लिसरीनसारखी पाणी ओढून घेणारी द्रव्ये दमट हवेत चांगली वागतात, पण उन्हाळ्याच्या कोरड्या झळांमध्ये, वरून झाकण घातले नाही, तर ती पाणी खालच्या थरांतूनच ओढू लागतात. मुंबईहून येणारे नातेवाईक फेब्रुवारीत दोन दिवस राहिले की ओठ फुटल्याची तक्रार करतात, आणि त्यांनी आणलेले जेलसारखे मॉइश्चरायझर इथे हात टेकते.

चूर्णांचे जग याहून वेगळे. दिवाळीतल्या अभ्यंगाचा क्रम पाहावा: आधी तेल, मग उटणे, मग कढत पाणी. नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल, गुलाबपाकळ्या आणि मसुरीचे पीठ यांचे हे मिश्रण तेल अंगावरून पूर्ण खरवडून काढत नाही. जास्तीचे शोषून घेते आणि पातळसा लेप मागे ठेवते. साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. उटणे साबणाइतके अल्कधर्मी नसते, म्हणून अंग त्यानंतर ओढल्यासारखे होत नाही. वाटीत कोरडे उटणे घेतले तर त्याला वास जवळजवळ मातीचाच येतो. चमचाभर पाणी घातले की आधी ते पाण्यावर तरंगते, गुठळ्या धरते, बोटाने दाबल्यावर आत कोरडीच भुकटी निघते. मग हळूहळू ओल आत उतरते आणि त्याच वेळी वाळ्याचा व कचोऱ्याचा सुगंध उमलून येतो, कारण हे सुगंधी अंश ओल मिळाल्यावरच मोकळे होतात. ओल मिळाली की त्यातले झोपलेले जंतूही जागे होतात. वनस्पतींच्या भुकटीत बीजाणू असतातच. कोरडेपणात ते निपचित पडून राहतात. त्यामुळे भिजवलेले उटणे उरले तर ते फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावण्याची काटकसर करू नये.

हेच तत्त्व आधुनिक प्रयोगशाळांनाही पटले आहे. क जीवनसत्त्वाचे सीरम पाण्यात विरघळवून ठेवले की हवेच्या संपर्काने आधी पिवळे आणि मग तपकिरी पडते, आणि तेवढे पैसे पाण्यात जातात. तेच जीवनसत्त्व भुकटीच्या रूपात ठेवून लावतेवेळी तळहातावर मिसळले, तर ते टिकते. पपईतल्या पपेन या विकराची, म्हणजे एन्झाइमचीही हीच गोष्ट, म्हणून विकर असलेले चेहरा धुण्याचे पदार्थ हल्ली भुकटीच्या डबीतून येतात.

एका दाव्याबद्दल मात्र मी मुद्दाम कुरकुर करणार आहे. ‘हे प्रसाधन वापरा आणि पाणी वाचवा’ अशी जाहिरात वाचली की मला पुण्याच्या टँकरची आठवण होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते, आणि तरीही दरवर्षी मे महिन्यात कपातीची चर्चा ठरलेली असते. अशा शहरात बाटलीतले १५० मिली पाणी वाचवून काय साधणार? अंघोळीच्या एका बादलीत १५ ते २० लिटर जातात. उलट जाडसर मलम किंवा तेल धुऊन काढायला कधीकधी जास्त पाणी लागते, आणि बदामासारख्या पिकाला तर पाणी मुबलक द्यावे लागते. त्याहून हुशार प्रकार म्हणजे यादीतून पाणी काढून त्या जागी कोरफडीचा रस लिहायचा. कोरफडीचा रस हा ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतो. ते पाणी झाडातून फिरून आले म्हणून परिरक्षकाची गरज टळत नाही. पाणीविरहित प्रसाधनांना खरे श्रेय द्यायचेच असेल तर वजनाच्या आणि प्लास्टिकच्या बचतीचे द्यावे: शांपूची एक वडी कागदात गुंडाळून येते, सामानात सांडत नाही, आणि परदेशी विमानप्रवासात हातातल्या पिशवीला असलेला १०० मिलीचा नियम तिला लागू होत नाही.

वडीवरून आठवले. वाघोली, उंड्री यांसारख्या भागांत अनेक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर चालतात, आणि आपल्या काळ्या पाषाणातून येणारे ते पाणी जड असते. खडकवासल्याचे पाणी त्यामानाने मऊ. तेल आणि कॉस्टिक यांपासून केलेला साबणी शांपू जड पाण्यातल्या कॅल्शियमशी चिकट साका करतो, तो केसांवर बसतो आणि बाई म्हणते, ‘नैसर्गिक वडीने माझे केस दोरखंड झाले.’ अशा घरात कृत्रिम पण सौम्य फेसकांपासून बनवलेली वडी घ्यावी, ती जड पाण्यातही साका करत नाही. दोन्ही वड्या दुकानात शेजारीशेजारी, एकाच तऱ्हेच्या खाकी कागदात असतात, म्हणून घटक वाचणे आलेच. कागदावर ‘सोडियम कोकोएट’ किंवा ‘सोडियम पामेट’ दिसले तर तो साबण समजावा.

सगळ्यांनी हे करावे असेही नाही. मुरुमांच्या चेहऱ्याला खोबरेल मानवत नाही. कोंडा आणि नाकाच्या कडेला येणारी लालसर खपली यांच्यामागे मालासेझिया नावाची यीस्ट असते, आणि ती मेदाम्लांवरच पोसते. तिथे तेल लावणे म्हणजे तिला जेवण वाढणे. ऑलिव्ह तेलातले ओलेइक आम्ल त्वचेचा अडसर सैल करते असे आढळले आहे, म्हणून तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी ते महागडे तेल आणण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून निवड करावी. कोरड्या त्वचेवर मुलतानी माती वारंवार थापू नये. आणि जुलैच्या चिकचिकाटात, ओल्या रेनकोटखाली घामेजलेल्या हातांना मीसुद्धा लोशनच लावते, परिरक्षकासकट.

आयुर्वेदात तर याला एक गमतीदार अपवाद आहे. शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा घोटून धुतलेले तूप. ते पांढरेशुभ्र, मऊ आणि गार होते, कारण घोटताना त्यात पाणी अडकून बसते. ज्याला लोक शुद्ध, पाणीविरहित परंपरा म्हणून डोक्यावर घेतात ते वस्तुतः हाताने केलेले क्रीमच आहे. म्हणूनच ते थोडे करून लवकर संपवावे.

राहता राहिला ताजेपणाचा प्रश्न. चूर्णांच्या पाकिटावर तारीख असतेच असे नाही, विशेषतः दिवाळीच्या आधी बचत गटांच्या टेबलांवर आणि रविवार पेठेतल्या सुट्या काष्ठौषधींत. मी एकच विचारते, दळण कधीचे. रविवार पेठेतल्या दुकानदारकाकांनी मागच्या खेपेला चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “दळण परवाचं आहे ताई, पण संत्र्याची साल गेल्या हिवाळ्यातली आहे. आत्ता ऑक्टोबरात नवी साल मी कुठून आणू?” मी पाव किलो घेतले. त्यांनी ते दुहेरी कागदात बांधले आणि वर एक बारीक पुडी ठेवली. ती वेखंडाची होती, डब्यात ठेवली तर किडे लागत नाहीत म्हणून, आणि तिचे पैसे त्यांनी वेगळे लावले.